पुन्हा शिट्टी हाती घेताना

(शालेय फुटबॉल सामन्यांसाठी पंच व स्वयंसेवक म्हणून काम करू इच्छिणारे शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्याकरिता डिचोली तालुक्यात भरलेल्या शिबिरात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत माझा उल्लेख ‘अनुभवी पंच’ असा केलेला आहे. त्याविषयी आरंभीच थोडा खुलासा करणे अवश्य वाटते. मी १९८४ साली शालेय सामन्यांत पंचाचे काम करू लागलो आणि १९९७ साली ते सोडले. पुढची सव्वीस वर्षे मी शिट्टीला हात लावला नाही. २०२३ च्या पावसाळ्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ती पुन्हा हाती घेतली. म्हणजे तेरा वर्षांचा अनुभव आणि त्याच्या दुप्पट खंड, असा हा हिशेब आहे. तुमच्यापैकी काही जण पूर्वी खेळलेले, काही जण पूर्वी पंच असलेले आणि काही जण कधीच मैदानात न उतरलेले आहेत. यांपैकी पहिल्या दोन वर्गांना माझे बोलणे अधिक लागू पडेल असा माझा अंदाज आहे. कारण ज्याला काही येत नाही तो शिकतो, पण ज्याला पूर्वी येत होते त्याला आधी विसरावे लागते.

मी काम का सोडले, हे प्रथम सांगतो. लोक विचारीत तेव्हा मी सांगत असे की माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. बदली झाली हे खरेच. परंतु ते निमित्त होते.

१९९६ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. दोन शाळांमधील अंतिम सामना होता. पाऊस सकाळपासून धरून बसलेला, मैदानाचा निम्मा भाग चिखल आणि उरलेला निम्मा पाणी. गोल बरोबरीत. शेवटची चार-पाच मिनिटे उरली असताना एका बाजूच्या मुलाने चेंडू गोलात घातला. मी त्या क्षणी बराच मागे होतो. चिखलातून पाय उचलत धावत होतो. मला दिसला तो जाळीत गेलेला चेंडू. मी शिट्टी वाजवून मध्यरेषेकडे हात केला. छत्र्या घेतलेले लोक ओरडत मैदानात घुसले. त्या गर्दीतून मला पलीकडच्या रेषेवरचा लाइन्समन दिसला. त्याचा झेंडा वर होता. तो झेंडा खाली घेत नव्हता.

मी त्याच्याकडे जायला हवे होते. नियम तेव्हाही स्पष्ट होता आणि आजही तोच आहे: खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी पंच आपला निर्णय बदलू शकतो, सुरू झाल्यावर नाही. मला हा नियम पाठ होता. परंतु निर्णय फिरवला तर पंचाची पत जाते, अशी त्या काळी आम्हा मंडळींची समजूत होती. आणि खरे सांगायचे तर त्या गर्दीची मला थोडी भीतीही वाटली. मी लाइन्समनला हातानेच झेंडा खाली घेण्याची खूण केली.

हरलेल्या बाजूचा गोलरक्षक तेरा-चौदा वर्षांचा पोर होता. तो माझ्यामागे धावत आला आणि स्वतःचा हात पुढे करून, त्यावर दुसऱ्या हाताने मारून दाखवू लागला. चेंडू हाताने ढकलला, असे त्याला सांगायचे होते. रडू येत असल्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हते. पंचाशी हुज्जत घातली म्हणून मी त्याला पिवळे कार्ड दाखवले.

सायंकाळी चहाच्या टपरीवर लाइन्समनने मला एवढेच सांगितले, “मास्तर, हाताने घातला होता. मी दोन मिनिटे झेंडा धरून उभा होतो.” त्याने दोष दिला नाही. दोष दिला असता तर मला वाद तरी घालता आला असता.

चूक ही पंचाच्या हातून होतेच. एका माणसाला दोन डोळे आणि मैदानावर बावीस मुले. चुकीच्या गोलाचे मला तितके वाईट वाटले नाही, जितके त्या पिवळ्या कार्डाचे वाटले. जो एकटा खरे सांगत होता, त्यालाच मी शिक्षा केली. पुढच्या वर्षी त्या शाळेच्या संघात तो मुलगा मला दिसला नाही. त्याची कारणे दहा असू शकतील. त्याने शाळा बदलली असेल, अभ्यासासाठी घरच्यांनी अडवले असेल. मी चौकशी केली नाही. चौकशी करण्याचे धैर्य झाले नाही, असे म्हणणे अधिक खरे. त्या वर्षाअखेर बदलीचा आदेश आला आणि मी सुटलो.

असो. २०२३ साली त्याच लाइन्समनचा फोन आला. आता तो आपल्या गावातल्या मुलांचे सामने भरवतो. म्हणाला, “शनिवारी बारा वर्षांखालच्या मुलांचे सामने आहेत आणि पंच मिळत नाही. धावायचे फारसे नाही, मैदान लहान आहे.” मी म्हटले, “मला आता नियम आठवत नाहीत.” त्यावर तो म्हणाला, “आठवत नाहीत तेच बरे. बदललेत.”

आणि ते किती बदलले होते, याची मला कल्पना नव्हती. मी पंच झालो तेव्हा गोलरक्षकाने चेंडू हातात घेऊन चारच पावले टाकायची असत आणि आम्ही ती मोजत असू. स्वतःच्या खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू तो खुशाल हातात घेई. १९९२ साली ते बंद झाले, एवढे मला माहीत होते. पुढे २००० साली पावलांचा हिशेब जाऊन सहा सेकंदांचा आला. आणि २०२५ पासून तो आठ सेकंदांचा झाला आहे. त्याहून अधिक वेळ चेंडू धरला तर विरुद्ध बाजूला कॉर्नर मिळतो आणि शेवटची पाच सेकंदे पंचाने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची असतात. गोलरक्षकाला ती बोटे दिसतात, प्रेक्षकांना दिसतात, त्यामुळे भांडण कमी होते. ही सुधारणा मला मनापासून आवडली.

पूर्वी सामन्याच्या आरंभी चेंडू पुढेच मारावा लागे. २०१६ पासून तो कोणत्याही दिशेला मारता येतो. गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय तो खेळात आला असे आपण धरत नव्हतो. २०१९ पासून तो लाथ मारून स्पष्टपणे हलला की खेळात आला. पंचाच्या अंगावर आपटून चेंडू गोलात गेला तर पूर्वी गोल धरला जाई, कारण पंच हा मैदानाचाच एक भाग मानला जात असे. आता तसा गोल धरत नाहीत, खेळ थांबवून चेंडू टाकतात. तो टाकतानाही पूर्वीसारखी दोन मुले समोरासमोर उभी करून त्यांच्या नडग्या एकमेकांवर आपटू द्यायच्या नाहीत. ज्या बाजूकडे चेंडू असायला हवा त्या बाजूच्या एकाच खेळाडूला तो द्यायचा आणि बाकीच्यांनी चार मीटर दूर राहायचे. बदली होणाऱ्या खेळाडूने मध्यरेषेपर्यंत रमतगमत यायचे नाही, जवळच्या रेषेवरून बाहेर जायचे. ऑफसाइड आणि हँडबॉल यांचा अर्थ तर इतक्या वेळा सुधारला गेला आहे की त्यासाठी दुपारच्या सत्रात स्वतंत्र वर्ग ठेवावा लागला. जुन्या मंडळींना माझी विनंती आहे की दर वर्षी १ जुलैपासून लागू होणारे बदल तेवढे वाचून मगच मैदानात उतरावे. आपल्या आठवणीतली नियमावली आता कुठल्याही मैदानावर चालू नाही.

मी ते वाचले नव्हते आणि त्याचे प्रायश्चित्त पहिल्याच शनिवारी मिळाले. गोलकिक घेणाऱ्या मुलाने चेंडू शेजारी उभ्या असलेल्या सवंगड्याला दिला. मी शिट्टी वाजवून किक पुन्हा घ्यायला लावली. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी अकराएक वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली. त्या वयोगटात मुले आणि मुली एकत्र खेळत होती. ती हळू आवाजात म्हणाली, “सर, आता बाहेर जावा लागत नाही.” मी लाइन्समनमित्राकडे पाहिले. तो रेषेवर उभा राहून हसत होता. मी तिला म्हटले, “बरे झाले सांगितलेस,” आणि खेळ पुढे सुरू केला. कोणाचेही काही बिघडले नाही. माझी पत गेली असेल तर ती कोणाच्या ध्यानातही आली नाही. मुलांचे लक्ष चेंडूकडे होते.

सत्तावीस वर्षांपूर्वीचा तो गोलरक्षक मला त्या वेळी आठवला, हे येथे वेगळे सांगायला नको.

पंच हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे आणि तो गावच्या न्यायाशी जोडलेला आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो. मी तरुणपणी त्यातला परमेश्वर तेवढा उचलला आणि पाच मुखे विसरलो. फुटबॉलच्या इतिहासातही हा प्रवास पाहण्यासारखा आहे. १८६३ साली इंग्लंडात पहिली नियमावली झाली तेव्हा तिच्यात पंचच नव्हता. खेळणाऱ्यांनी आपसात मिटवावे अशी अपेक्षा होती. पुढे प्रत्येक बाजूने आपापला एक अंपायर नेमला. त्या दोघांचे जमले नाही की मैदानाबाहेरच्या तिसऱ्या गृहस्थाकडे प्रकरण सोपवायचे. सोपवायचे म्हणूनच इंग्रजीत त्याला रेफरी हे नाव पडले. १८९१ साली तो मैदानाच्या आत आला आणि दोघे अंपायर रेषेवर जाऊन लाइन्समन झाले. १९९६ साली त्यांचे लाइन्समन हे नावही बदलून ‘साहाय्यक पंच’ असे झाले. ज्या वर्षी नियमावलीने झेंडा धरणाऱ्याला पंच म्हटले, त्याच वर्षी मी एका झेंड्याला खाली बसवले.

आता स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या गावकऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. शिट्टी सर्वांनीच घ्यायला हवी असे नाही. मुलांच्या सामन्यात पंचापेक्षा पंचाआधीचे काम मोठे असते.

सामन्याच्या आधी गोलचे खांब हलवून पाहा. हलवता येणारा गोल जमिनीत घट्ट रोवलेला असलाच पाहिजे, हा नियमावलीचा पहिल्याच कलमातला आदेश आहे. कारण मुले आडव्या खांबाला लोंबकळतात आणि सैल गोल अंगावर येतो. कापणी झालेल्या शेतात बांबूचे गोल उभे करतात तेथे बांबूची टोके आणि खिळे तपासा. कोपऱ्यातला झेंडा दीड मीटरपेक्षा बुटका नसावा आणि त्याचे टोक अणकुचीदार नसावे. रेषा आखायला पुष्कळ ठिकाणी अजून चुना वापरतात. पावसात ओला झालेला चुना गुडघ्याच्या खरचटल्यावर किंवा डोळ्यांत गेला तर भाजतो. त्याऐवजी खडूची पूड वापरावी. मुलांच्या हातातली कडी, कानातली, गळ्यातल्या साखळ्या काढून ठेवायला सांगा. चिकटपट्टी लावून झाकले तर चालेल ना, असे पालक विचारतात. चालत नाही.

वीज कडाडू लागली की खेळ ताबडतोब थांबवा आणि मुलांना पक्क्या इमारतीत न्या. माडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास झाल्याशिवाय मैदानात पाऊल टाकू नये. ‘पाच मिनिटेच उरली आहेत, उरकून घ्या’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याचे ऐकू नका. तसेच डोक्याला डोके आपटून मुलाला चक्कर आली, ओकारी आली, गोल कुठला हे समजेनासे झाले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. आमच्या काळी तोंडावर पाणी मारून पोराला परत आत पाठवीत. मीही पाठवले आहे.

आणखी एक विषय नाजूक आहे, पण सांगितलाच पाहिजे. मुलांमध्ये काम करणाऱ्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नये, कपडे बदलण्याच्या जागी कारणाशिवाय जाऊ नये, मुलांना वाहनातून पोहोचवायचे तर पालकांना कळवून आणि शक्यतो दुसऱ्या मोठ्या माणसासह पोहोचवावे. यात कोणाच्या सज्जनपणाविषयी शंका नाही. गोव्यात २००३ साली बालकांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि २०१२ साली लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा आला. अशा अपराधाची माहिती असूनही न कळवणे हाही या केंद्रीय कायद्यान्वये गुन्हा आहे. १०९८ हा बालसाहाय्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावा. मी १९९७ साली सोडले तेव्हा याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नसे. त्या काळी सारे आलबेल होते म्हणून नव्हे.

रेषेबाहेरच्या पालकांविषयी थोडेसे. मुलगा दहा वर्षांचा, बाप चाळिशीचा, आणि सामना संपल्यावर घाम बापालाच अधिक! १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी शिवोलीत चेंडू आणल्यापासून हा खेळ आपल्या रक्तात आहे. २०१२ साली शासनाने त्याला राज्याचा खेळ म्हटले. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे आणि २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचे सामने आपण फातोर्ड्याला पाहिले. जोर असायचाच. परंतु नव्याने आलेला अठरा-वीस वर्षांचा पंच हा काय ऐकून घरी जातो, हेही पाहायला हवे. तो एक हंगाम सोसतो आणि दुसऱ्या हंगामात येत नाही. मग आपण म्हणतो, पंच मिळत नाहीत. मुलींनी या कामात यावे असे मला विशेष वाटते. २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात आपल्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी साहाय्यक पंचाचे काम केले. आज येथे बसलेल्या पाच-सहा मुलींना त्यांचे नाव ठाऊक असेल. नसेल तर ठाऊक करून घ्यावे.

शेवटची एक हकिगत सांगतो आणि थांबतो. गेल्या वर्षी माझ्या मित्राच्याच गावात चौदा वर्षांखालील मुलांचा सामना होता. यजमान गावाच्या बाजूने गोल झाला आणि मी मध्यरेषेकडे हात केला. रेषेवर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी साहाय्यक पंच होती. तिचा तिसराच सामना. तिचा झेंडा वर होता. या वेळी मी मैदान ओलांडून तिच्यापर्यंत चालत गेलो. ती घाबरलेली होती. म्हणाली, “सर, चेंडू मारण्यापूर्वी पूर्ण रेषेबाहेर गेला होता.” मी विचारले, “खात्री आहे?” ती म्हणाली, “आहे. मी रेषेवरच उभी होते.” मी गोल रद्द करून गोलकिक दिली.

त्यानंतर जे ऐकले ते सरकारी पत्रिकेत छापण्याजोगे नाही. “म्हाताऱ्या, डोळे तपासून घे” हे त्यातले सर्वांत सौम्य. यजमान गाव एका गोलाने हरले. सामना संपल्यावर एक वजनदार गृहस्थ मला म्हणाले, “एकदा दिलेला गोल परत घेतात होय?” मी त्यांना नियम सांगितला, त्यांना तो पटला नाही. माझ्या मित्रालाही गावात राहायचे असल्यामुळे पुढचे दोन शनिवार त्याने मला बोलावले नाही. तिसऱ्या शनिवारी दुसऱ्या पंचाला लग्नाला जायचे होते, म्हणून फोन आला. ती मुलगी मात्र दोन्ही शनिवार रेषेवर होती असे कळले.

दुपारच्या सत्रात ऑफसाइडचा वर्ग आहे. त्यानंतर चार वाजता बाजूच्या मैदानात लहान मुलांचे दोन सामने ठेवलेले आहेत आणि रेषेवर उभे राहायला चार माणसे हवी आहेत. झेंडे माझ्याकडे आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी जेवणानंतर मला भेटावे.